घरटी एक कळशी

गावात मला ‘शिट्टीवाली बाई’ म्हणतात हे मला नदीच्या कामाच्या तिसऱ्या वर्षी कळलं, आणि तेही एका बारशात. मी रागावले नाही. एकतर शिट्टी त्या वेळीही माझ्या पर्समध्ये होती, आणि तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवल्यावर नावं ठेवून घेण्याची माणसाला सवय होते. निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो घरच्यांना पडला होता. मी घरी बसले तर त्यांचीच शाळा घेईन, अशी त्यांना धास्ती. म्हणून मी नदीचं काम अंगावर घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते माझ्या नवऱ्याला. त्याने स्वतः जाऊन मला गमबूट आणून दिले.

आमची नदी पावसाळ्यात नदी असते, दिवाळीला ओढा होतो आणि होळीपर्यंत नुसता गोट्यांचा रस्ता उरतो. डोंगरातून निघते, दोन वाड्या आणि आमचं गाव ओलांडते आणि खाडीला मिळते. सबंध नदी दोन तासांत पायी संपते. एवढीशी असली तरी अख्ख्या गावाच्या विहिरी तिच्या भरवशावर. डोंगरावरचं झाड तुटलं की खालच्या विहिरीचा दोर हातभर वाढतो, हे मी फळ्यावर हजारदा शिकवलं होतं. आता ते हातांनी करायचं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही सात जण होतो. चौथ्या वर्षी साठ झालो. मांडव्याहून बोटीने मुंबईला नोकरीला जाणारे, कंपनीत पाळीवर असणारे, बचत गटातल्या बायका, आणि माझे जुने विद्यार्थी. हे विद्यार्थी चाळिशी ओलांडूनही मला बघितलं की विडी मागे लपवायचे. डोंगरउतारावर आम्ही चर खणले, झाडं लावली, आणि पावसाळा संपला की रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर बंधारे घातले. असे चार बंधारे. गोण्यांची तोंडं दाभणाने शिवायची, विटांसारख्या रचायच्या, फटींत चिखल लिंपायचा. पाणी अडलं की टाळ्या, पोहे आणि फोटो. सगळं रविवारी, सकाळी सातला, शिट्टीवर. वरच्या वाडीच्या विहिरीत पूर्वी मार्गशीर्षात तळ दिसायचा, तो आता शिमग्यापर्यंत दिसेनासा झाला. मला फार बरं वाटायचं. खरं सांगायचं तर नदीपेक्षा स्वतःबद्दलच जास्त बरं वाटायचं.

पाचव्या वर्षी मी ठरवलं की आता खालचा बंधारा घालायचा.

खाडीकडून भरतीचं खारं पाणी नदीत जिथपर्यंत चढतं, तिथे आमच्या गावाची वस्ती संपते आणि वाडे, म्हणजे भाजीपाल्याचे मळे, सुरू होतात. नदीच्या काठावर, त्या गोड्या-खाऱ्याच्या शिवेला अगदी लागून, एक बाव आहे. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. ती बाव एका काकींची. काकी तेव्हा सत्तरीला आलेल्या, उंचीला माझ्या खांद्याइतक्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला वाटावं आपल्यालाच ऐकू कमी येतंय. भात निघालं की त्या बावीच्या पाण्यावर त्या पांढरा कांदा करायच्या. आमच्या भागात पांढरा कांदा पुष्कळ घरी होतो, पण काकींचं बियाणं त्यांच्या आजेसासूच्या सासूपासूनचं. दर वर्षी निवडक कांदे ठेवायचे, ते पुन्हा लावायचे, त्यांना गोंडे आले की बी धरायचं. बाजारातलं बी त्या वाड्यात कधी पडलं नाही आणि त्या घरचं बी कधी बाहेर गेलं नाही. लेकीलाही त्यांनी कांदे दिले, बी दिलं नाही. मुलगा बंदरात ट्रेलर चालवायचा. त्याला शेतीत रस नव्हता, पण आईच्या कांद्याच्या वेण्या रस्त्याच्या कडेला टांगून विकायला तो सुट्टी काढायचा.

खालचा बंधारा ही काही माझी कल्पना नव्हती. त्या जागेवर पूर्वी गाव दर वर्षी काठा घालायचं, म्हणजे मातीचा आणि पेंढ्याचा बांध, घरटी एक माणूस येऊन. नळ आला, माणसं कंपन्यांत गेली आणि काठा बंद पडला. खारं पाणी तेव्हापासून थोडं थोडं वर सरकत होतं. मला वाटलं, आपण तो पुन्हा घातला तर खारं पाणी बाहेर राहील, गोडं आत राहील, काकींची बाव सुरक्षित होईल. हे चूक नव्हतं. चूक पुढे झाली.

काकींच्या अंगणात बैठक घेतली. मी कागदावर नकाशा काढून नेला होता, रंगीत खडूंनी.

काकींनी नकाशा उलटा धरून बघितला आणि विचारलं, “कंदी बांधताव?”

“येत्या रविवारी.”

“आयतवारी बारस हाय,” त्या म्हणाल्या. “तुलशीचं लगीन. तीन दिसांनी पुनव. पुनवेला उधान येल. काठा अष्टमीला घालायचा, बाई. भांगाचं पानी असतं तवा वर चढत न्हाय, मातीला बसायला येल मिलतो.”

इथे थोडा भूगोल सांगते, कारण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान, तिला भांग म्हणतात. आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. मी हेच सगळं चंद्राची चित्रं काढून शिकवलं होतं, परीक्षेत विचारलं होतं, आणि चुकणाऱ्यांचे गुण कापले होते.

पण पुनवेनंतरची अष्टमी गुरुवारी येत होती. गुरुवारी माझी माणसं कुठून येणार? ती तर रविवारची. मी म्हटलं, “काकी, बारशीला नऊला भरती, म्हणजे साडेनऊपासून तीनपर्यंत पाणी उतरतं. तेवढ्यात आम्ही उरकतो.”

“उरकाल वो. पन उघाडी कुटं ठेवताव?”

उघाडी म्हणजे काठ्याच्या पोटातून आरपार काढलेलं लाकडी तोंड. त्याला खाडीच्या बाजूने झडप असते. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरती आली की बाहेरचंच पाणी झडप दाबून धरतं. नको तेव्हा आतून फळी ठोकून ते बंद ठेवायचं. मी हे ऐकलं होतं. पण आमच्या वरच्या चार बंधाऱ्यांना कुठे भोक होतं? चार वर्षं आम्ही एकच गोष्ट शिकलो होतो, की फट दिसली की बुजवायची. पाणी अडवायला बंधारा घालायचा आणि त्यालाच भोक पाडायचं, हे मला जुन्या माणसांचं काहीतरी वाटलं. तसं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, “पुढच्या वर्षी बघू.”

काकींनी नकाशा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, “बरं.” त्या ‘बरं’चा अर्थ मला तेव्हा कळला नाही, कारण मी नकाशाची घडी घालत होते.

रविवारी काकी सगळ्यांच्या आधी आल्या. घमेलं घेऊन. त्यांचं म्हणणं मी डावललं होतं, तरी दिवसभर त्यांनी चिखल वाहिला, आणि बोटीवाल्या बाबूंना गोणी कशी उचलायची ते शिकवलं. “पाट न्हाय, मांडी वापर रं,” असं त्या ओरडायच्या. अडीच वाजता बंधारा उभा राहिला, सरळ, रेखीव, माझ्या शिट्टीसारखा कडक. कुठेही फट नाही. नारळ फोडला, फोटो काढले. संध्याकाळी गावात तुळशीची लग्नं लागली आणि मला एकेका अंगणातून ऊस, चिंचा, आवळे मिळाले. घरी येईतो माझी ओटी भरून गेली होती.

मंगळवारी मी तळा गावी बहिणीकडे गेले. त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही दोघी दर वर्षी एकत्र असतो. बुधवारी आणि गुरुवारी मिळून माझ्या फोनवर एकाच अनोळखी नंबरावरून सहा वेळा फोन आला. अनोळखी नंबर मी उचलत नाही. कर्ज हवंय का म्हणून विचारणारे असतात. बहीण म्हणाली सुद्धा, “अगं, घे ना एकदा.” मी म्हटलं, “सहा वेळा करतोय म्हणजे नक्की कर्जवालाच.”

शुक्रवारी सकाळच्या एसटीने परत आले. फाट्यावर उतरले तर काकींचा मुलगा मोटारसायकल लावून उभा. माझीच वाट बघत होता. नमस्कार नाही, काही नाही. “बसा,” म्हणाला. मी बसले. वाटेत एवढंच म्हणाला, “बाई, तुमच्या फोटोपायी माझ्या आयची बाव गेली.”

बंधाऱ्याजवळ पोचले तेव्हा मला आधी काही कळेना. बंधारा जागेवर होता, एक गोणीसुद्धा हलली नव्हती. आत तुडुंब पाणी होतं, हवं होतं तसंच. बाहेर ओहोटीने चिखल उघडा पडला होता. मग मी बांधावर शेवाळाची आणि काटक्यांची रेघ बघितली. ती बंधाऱ्याच्या माथ्याच्याही वर होती.

उधाण वरून आत आलं होतं. द्वादशीच्या भरतीची खूण बघून मी उंची ठरवली होती. पुनवेचं पाणी त्याच्यापेक्षा हातभर चढलं, थंडीतलं रात्रीचं उधाण तर आणखी चढं असतं. बंधारा नसता तर ते जसं आलं तसं ओहोटीबरोबर परत गेलं असतं. आम्ही त्याला जायला वाट ठेवली नव्हती. तीन दिवस, दर भरतीला नवं खारं पाणी आत येत होतं आणि माझ्या कडक, बिनफटीच्या बंधाऱ्याच्या मागे साठत होतं. काकींच्या बावीपासून दहा पावलांवर. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

काकी बावीच्या कठड्याला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पोहऱ्याने पाणी काढलं, तांब्यात ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी प्याले. मचूळ. घशाखाली उतरेना अशी खारट चव. मी तो तांब्या पूर्ण प्याले, कारण खाली ठेवायची माझी हिंमत होईना.

शेजारी कांद्याच्या रोपाचा वाफा होता. बोटभर उंचीची रोपं, बाव बिघडल्याचं कळण्याआधी दिलेल्या खाऱ्या पाण्याने शेंडे पिवळे पडलेले. त्याच्या कडेने बियासाठी लावलेले मागच्या वर्षीचे निवडक कांदे, त्यांच्या पातीही माना टाकून पडल्या होत्या. घरातलं सगळं बी त्या वाफ्यात पेरलेलं होतं. कांद्याचं बी दुसऱ्या वर्षाला उगवत नाही, त्यामुळे डब्यात मागे काही राखून ठेवण्यात अर्थ नसतो. वाफा गेला की चार पिढ्यांचं बियाणं संपलं.

मी मुलाला विचारलं, “अरे, मग फोडला का नाहीस बंधारा? बुधवारीच फोडायचास!”

“आय फोडू देईल तं ना.”

काकी म्हणाल्या, “गावानं बांधलेला काठा एकल्यानं फोडायचा नसतो, बाई. आज मी माज्या बावीसाठी फोडीन, उद्या दुसरा त्याच्या मासलीसाठी फोडील. मंग काठा कोनाचा? तुमी सगल्यांनी बांधला, तुमाला इचारल्याबिगर कसा फोडू?”

हे ऐकून मला रडू आलं, आणि मी रडले. शिकवायला उभी राहिल्यापासून चारचौघांत मी कधी रडले नव्हते. दोन दिवस त्या बाईने आपलं रोप जळताना बघितलं होतं, हाताशी फावडं होतं, मुलगा फोडायला तयार होता. आणि त्या थांबल्या कोणासाठी? तर जिने त्यांचं ऐकलं नाही तिच्यासाठी. मी कर्जवाला समजून फोन उचलत नव्हते.

“रडताव कनाला,” काकी म्हणाल्या. “दीडला भरती हाय. पानी उतराय लागलं की चारला फोडू. मानसं बोलवा.”

माणसं! शुक्रवार होता. माझी साठ माणसं बोटीत, बँकेत, कंपनीत. मी ग्रुपवर संदेश टाकला, त्यावर हात जोडलेली आणि रडक्या तोंडाची चित्रं आली. माणूस एकही नाही. त्यांचाही दोष नाही. मी त्यांना रविवारचंच शिकवलं होतं.

काकींनी मुलाला सांगितलं, “दाराशी जा. घरटी एक म्हन, काठ्यावर चला म्हन.” मुलगा गेला. शेवटचा असा सांगावा फिरला त्याला वीस वर्षं तरी झाली असतील. मी मनात म्हटलं, कोण येणार?

चार वाजता सत्तावीस जण आले. बहुतेक बायका. दोन म्हातारे, त्यातल्या एकाला धरून आणावं लागलं. तो बंधाऱ्यावर बसून नुसता ‘हितून, हितून’ असं बोट दाखवत राहिला. एक जण रात्रपाळीवरून येऊन झोपला होता, तो लुंगीवरच आला. माझा नवरा आला, माझे गमबूट घालून, कारण मला ते आणायचं सुचलं नव्हतं. शिट्टी कोणी वाजवली नाही. काकींनी पहिली गोणी मला काढायला लावली. “तुमी लावली ना, तुमीच काडा,” म्हणाल्या, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

पाणी निघायला लागलं तेव्हा त्याला वाट द्यायला सगळे बाजूला सरकले. दिवेलागणीपर्यंत आतलं खारं पाणी खाडीला लागलं.

बंधारा फुटला, पण बाव काही लगेच गोडी होत नाही. ती उपसावी लागते, पुन्हा झऱ्याने भरू द्यावी लागते, पुन्हा उपसावी लागते. काकींचा अंदाज होता पंधरा दिवसांचा. रोपाला मात्र रोज पाणी हवं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तासभर. काकींच्या घरच्या नळाचं पाणी त्यांनाच पुरत नाही. वाफ्याला रोज वीस-पंचवीस कळशा लागणार होत्या. आणायच्या कुठून, हे मला त्या रात्री सुचलं नाही.

सकाळी मी माझी कळशी भरून घेतली आणि निघाले. निदान माझ्या वाटणीची एक, एवढंच डोक्यात होतं. गमबूट, सहावारी आणि कमरेवर कळशी, असं माझं ध्यान बघून वाटेतली दोन कुत्री भुंकली. वाड्यापाशी पोचले तर वाफ्याकडे जाणारी पायवाट ओली होती. माझ्याआधी नऊ जणी येऊन गेल्या होत्या. मागून आणखी येत होत्या. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. काठ्याला जशी घरटी एक माणूस, तशी आता घरटी एक कळशी. ज्या घरी त्या दिवशी नळ यायचा नसे, त्या घरची बाई आदल्या दिवसाचं साठवलेलं आणायची. एक कोळीण मासळी घेऊन बाजाराला निघताना वाकडी वाट करून यायची. तिच्या डोक्यावर पाटी आणि हातात पाच लिटरचा डबा असायचा. ती वाफ्यात पाणी ओतायची, “काकी, गेले गं,” म्हणायची आणि निघून जायची. काकींना आभार मानायला सुद्धा सवड मिळायची नाही.

पंधरा नाही, एकोणीस दिवस हे चाललं. त्या दिवसांचं ऋण माझ्यावर आहे. नदीचं काम म्हणजे काय, हे मला त्या ओल्या पायवाटेने शिकवलं. साठ माणसांचा रविवार मी जमवला होता, तो चांगलाच होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण हे गाव माझ्याही आधीपासून पाणी राखत होतं, आणि त्याला माझ्या शिट्टीची गरज नव्हती. हे पटायला मला त्रेसष्टावं वर्ष लागलं.

मधल्या गुरुवारी अष्टमी आली. सहाला भरती होऊन गेली आणि आठला आम्ही काठा घालायला घेतला. या वेळी माझे बोटीवालेही आले, अकरा जणांनी रजा टाकली होती. रजेच्या अर्जात काय लिहिलं म्हणून मी एकाला विचारलं, तर म्हणाला, “बाई, अष्टमी असं लिहिलं. साहेबाला वाटलं उपास असेल.” गोण्या आमच्याच होत्या. आत पेंढा आणि खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला, चिकट चिखल घातला, तो म्हातारा सांगेल तसा. उंची काकींच्या बांधावरच्या एका जुन्या दगडाला धरून ठेवली. तो दगड मी चार वर्षं बघत होते, आणि त्यावर बसून डबाही खाल्ला होता. आणि मधोमध उघाडी. गावात एका माळ्यावर जुन्या काठ्याची झडप सापडली, सागाची, वाळवीसुद्धा न लागलेली. ती बसवताना काकींनी तिला हळदकुंकू लावलं. अमावास्येच्या उधाणाला आम्ही सगळे बघायला उभे होतो. भरतीने झडप दाबून बंद केली, माथ्यावरून शिंतोडाही आत आला नाही. बाकीच्या वर्षांचं काय असेल ते असो, त्या वर्षी मी एका लाकडी फळीला हात जोडले.

काकी रोज सकाळी बावीचं पाणी चाखायच्या आणि मान हलवायच्या. विसाव्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही. तांब्या मला दिला. मी प्याले आणि म्हटलं, “थोडं...” त्या म्हणाल्या, “थोडं राहील. माजंही वय झालंय, बावीचंही.” त्या दिवशी कळशा थांबल्या.

बियासाठी लावलेले कांदे मात्र गेले. सगळे. रोप निम्मं वाचलं. त्याची लावणी झाली तेव्हा वाड्याचा एक कोपरासुद्धा भरला नाही. लावणीच्या वेळी दर वर्षी काकी गातात, त्या वर्षी गायल्या नाहीत. मी शेजारच्या सरीत रोप टोचत होते, आणि त्यांची ती गप्प पाठ बघवत नव्हती. मुलगा माझ्याशी बोलायला लागला होता, पण अजूनही ‘अहो बाई’ म्हणताना त्याच्या आवाजात थोडं मीठ असायचं. मी ते मुकाट्याने घ्यायची.

फाल्गुनात कांदा निघाला. एकदा सकाळी काकी माझ्या दारात आल्या. माझ्या घरी त्या पहिल्यांदाच येत होत्या. हातात कांद्याची एक वेणी होती, पातीला पात गुंफून केलेली, एकसारख्या कांद्यांची. मी म्हटलं, “काकी, हे कशाला? विकायलाच किती थोडा निघालाय.”

“खायला न्हाय,” त्या म्हणाल्या. “बियाचं हाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सबंध पिकातून बियासाठी किती कांदे निवडलेत म्हणून मी विचारलं. “दोन येन्या,” त्या म्हणाल्या. “एक माज्या घरला, एक ही.”

“काकी, तुम्ही लेकीला दिलं नाहीत. आणि मी तर...” ज्या बाईने ते बियाणं जवळजवळ मारलं होतं, तिच्याच हातात त्या निम्मं ठेवत होत्या.

काकी ओटीवर टेकल्या, पदराने तोंड पुसलं. “तुमची एक चूक झाली बाई, माजीपन एक झाली. चार पिढ्या एकाच बावीवर ठेवलं. ती बाव गेली असती तं माज्यासंगं समदं गेलं असतं. आता दोन बावी झाल्या.” मग म्हणाल्या, “लेकीला पन देनार हाय. पन पयलं तुमाला. तुमी आता इसरनार न्हाय.”

ती वेणी मी स्वयंपाकघरात आढ्याला टांगली, वाऱ्याला. पावसाळाभर रोज एकेक कांदा चाचपून बघितला. नवऱ्याने एकदा भाजीला कांदा नाही म्हणून तिच्याकडे नुसतं बघितलं, तर मी त्याला बाजारात पिटाळलं. दिवाळीनंतर परसात, आमच्या विहिरीच्या कडेला, ते कांदे लावले. अष्टमी बघून. चैत्रात त्यांना पांढरे गोंडे आले, मुठीएवढे, आणि काकी काठी टेकत ते बघायला आल्या.

आमची विहीर नदीपासून लांब आहे. खारं पाणी तिथवर कधी आलेलं नाही, येणारही नाही, हे भूगोलाच्या बाईला पक्कं ठाऊक आहे. तरी रोज सकाळी वाफ्याला पाणी घालण्याआधी मी पोहऱ्यातलं पहिलं ओंजळभर पाणी पिऊन बघते, आणि मगच वाफ्यात सोडते.